काका, त्या घागरीवरचं नाव अजून वाचता येतं

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "जेवलीस काय?" विचारता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून आज चारचौघांत लिहितेय. तुम्हाला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण बेळगावच्या वडगावातलं कुणी ना कुणी हे वाचून दाखवेलच. आणि आपल्या भागातल्या एखाद्या पोरीला संग्रहालयात काम करावंसं वाटत असेल तर तिलाही कळू दे की असा रस्ता आहे आणि तो मला कुणी दाखवला.

गेल्या महिन्यात वस्त्रविभागात सहायक अभिरक्षक (क्युरेटर) म्हणून कायम झाल्याचं पत्र मिळालं. ते उघडलं तेव्हा डोळ्यांपुढे आली ती घागर.

बीएचं शेवटचं वर्ष होतं. गणपतीत गल्लीच्या मंडळाने जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि घरोघरी फिरून वस्तू गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. अडकित्ते, पानदान, दौत, मापटं, एक जुना धोटा. पलीकडच्या आळीतल्या आजींनी तांब्याची घागर दिली. काळीकुट्ट होती. लोकांपुढे ठेवायची तर लखलखीत हवी म्हणून मी चिंच आणि मीठ घेऊन अर्धा दिवस ती घासली. उन्हात ठेवली तर डोळे दिपावेत अशी झाली होती.

तुम्ही संध्याकाळी मांडवात आलात. कोल्हापुरातल्या एका संग्रहालयाच्या भांडारात तुम्ही आयुष्य काढलंय हे तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हतं. घागर दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचललीत. गळ्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "काय करालीस गे हे पोरी? इथं नाव होतं."

ठोकून घातलेलं नाव होतं ते. बारीक ठिपक्यांचं, शंभर वर्षं हाताळून झिजलेलं. त्या ठिपक्यांत काळा मळ साचला होता म्हणूनच अक्षरं दिसत होती. तो मळ मी काढला आणि त्याच्याबरोबर नावही गेलं. मला रडू आलं. तुम्ही रागावला नाहीत. मांडवातला दिवा बंद करायला लावलात, बॅटरी मागवलीत आणि ती घागरीच्या अंगाला चिकटवून आडवी धरलीत. तिरक्या उजेडात एकेका ठिपक्याची सावली पडली. आधी 'शके' दिसलं, मग १८३५, मग आजींच्या सासूबाईंचं नाव आणि शेवटी 'मामाकडून'. "शकात अठ्ठ्याहत्तर मिळव," म्हणालात. १९१३. आजींना बोलावून आणलं. त्यांनी घागरीला हात लावला आणि सासूबाईंच्या लग्नाची सगळी हकीकत सांगितली. बैलगाडीतून वऱ्हाड कसं आलं, ही घागर घेऊन बायका कुठल्या विहिरीवर जायच्या, दुष्काळात ती सावकाराकडे गहाण कशी पडली आणि कशी सुटली, सगळं.

तुम्ही माझ्या हातात वही दिलीत. "वस्तू राहती, सांगणारा ऱ्हात नाही. आत्ता लिही." माझ्या आयुष्यातली पहिली नोंद ती. आजी दोन वर्षांनी गेल्या. ती हकीकत आज फक्त त्या वहीत आहे.

पुढचं दीड वर्ष दर रविवारी मी तुमच्या पडवीत येत होते. वस्तूवर क्रमांक कसा घालायचा ते तुम्ही फुटक्या कपबश्यांवर शिकवलंत. जागा अशी निवडायची की समोरून दिसू नये आणि घासली जाऊ नये. तिथे पॅरालॉइडचा, म्हणजे पारदर्शक राळेचा, पातळ थर द्यायचा, तो वाळला की शाईने आकडा, त्यावर पुन्हा एक थर. उद्या काढायचा झाला तर ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून निघाला पाहिजे. जे परत काढता येत नाही ते वस्तूला लावायचं नाही, हे तुमचं वाक्य पुढे बडोद्याला संग्रहालयशास्त्राच्या वर्गात सरांनी जाडजूड शब्दांत सांगितलं, तेव्हा मला ते आधीच येत होतं. चहाची किटली कानाला धरून उचलली म्हणूनही तुम्ही ओरडला होतात. कान हा वस्तूचा सगळ्यात दुबळा भाग.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन देवळात, नेलंत तो दिवस मला विशेष आठवतो. छताला लोंबणारं ते दगडी कमळ मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं आणि विसरले होते. तुम्ही सांगितलंत की रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने हे १२०४ मध्ये बांधलं आणि या देवळाच्या दानाचे शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी चिडले. तुम्ही म्हणालात, चिड, पण त्याआधी इथं उरलंय त्याची नोंद कर. मग हलशीला गेलो. काकुत्स्थवर्मा कदंबाचा पाचव्या शतकातला ताम्रपट त्याच मातीत सापडला हे ऐकल्यावर भूवराह नरसिंहाच्या देवळामागे कितीतरी वेळ मी पायाखालची जमीनच बघत होते. पुढे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला पोसायडन दाखवलात. छोटासा ब्राँझचा ग्रीक समुद्रदेव, पंचगंगेकाठी १९४५ च्या सुमारास निघालेला. तुम्ही त्याच्याकडे घरच्या माणसाकडे बघावं तसे बघत होतात.

पण खरे आभार मला एका वेगळ्याच दुपारचे मानायचे आहेत.

आमच्या घरी बीएडचा फॉर्म आणून ठेवला होता. बापूंचं, माझ्या विणकर वडिलांचं, म्हणणं चुकीचं नव्हतं. माग बंद पडत चालले होते, यंत्रमागापुढे हातमागाला कोण विचारतो, घरात एक तरी पक्का पगार हवा. संग्रहालयात नोकरी असते हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही आलात, बापूंच्या मागाशेजारी जमिनीवर बसलात आणि तासभर फक्त मागाबद्दल विचारत राहिलात. फणी कुठली, ताणा, म्हणजे उभे धागे, कुठून येतात, पदर कसा जोडता. निघताना म्हणालात, "दादा, तुमच्या पोरीला धागा कळतो. पुस्तकं वाचून साहेब झालेल्यांना तो कळत नाही. दोन वर्षं द्या तिला." बापू काही बोलले नाहीत. चार दिवसांनी बीएडचा फॉर्म कपाटावरून नाहीसा झालेला होता.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. माझ्या वर्गात रसायनशास्त्राची पदवीधर होती, चित्रकलेचा एकजण होता, आणि मी वडगावची, मराठी माध्यमाची. इंग्रजीत तोंड उघडायला तीन महिने लागले. सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे, त्याच्याखाली उभं राहून मी तुम्हाला फोन करायची. भाषेचं रडगाणं तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, तुला मोडी येते, कन्नड वाचता येतं, ते त्यांना येतंय काय?

पदवीनंतरचा काळ वाईट गेला, हे या पत्रात लपवत नाही. कायम जागांच्या जाहिराती वर्षानुवर्षं निघत नाहीत. मी अकरा महिन्यांच्या करारावर नोंदी संगणकात भरत होते, पगार कधी तीन-तीन महिन्यांनी. 'जतन' नावाचं, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी केलेलं सॉफ्टवेअर आहे, त्यात एकेका वस्तूचं माप, साहित्य, अवस्था, छायाचित्र. एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, "बेळगाव म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या?" मी उत्तर दिलं नाही आणि निवडही झाली नाही. त्या रात्री सोडून द्यायचं ठरवलं होतं. तुम्ही फक्त विचारलंत, आज किती नोंदी केल्यास? बेचाळीस, म्हटलं. म्हणालात, "मग बेचाळीस वस्तू आज हरवायच्या वाचल्या."

आणि मग ती साडी आली. आत्ताच्या संग्रहालयात मुलाखतीनंतर आम्हाला भांडारात नेऊन एकेक वस्तू दिली, अवस्था-अहवाल लिहायला. माझ्यासमोर एक जुनी साडी. जुन्या चिठ्ठीवर 'पैठणी, पदर शिवलेला' असं लिहिलं होतं. मी भिंग घेतलं, पदर आणि अंग जिथं मिळतात तिथं बघितलं. शिवण नव्हती. अंगाच्या ताण्याचा फासा पदराच्या ताण्याच्या फाशात अडकवून, बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, आवळलेला होता. ही टोपी-तेणी, इरकली साडीला पदर जोडायची रीत. पदरावर तीन लाल पट्टे, मध्ये दोन पांढरे. इरकल! बापूंनी असा सांधा मला लहानपणी दोन बोटांत सुतळी धरून करून दाखवला होता, आणि तुम्ही सांगितलं होतंत की आधी चिठ्ठी नाही, आधी वस्तू वाच. मी अहवालात तसं लिहिलं. घडीवर पदराचं रेशीम तुटत होतं, म्हणून साडी घडीतून काढून रुळावर गुंडाळावी आणि मांडली तर उजेड पन्नास लक्सच्या वर जाऊ नये, असंही लिहिलं. जागा मला मिळाली. आज त्या साडीची नोंद बदललेली आहे आणि खाली नोंद करणाऱ्याची सही माझी आहे.

काका, आता एक मागणं.

तुमच्या चुलीवरच्या फळीवर तुमच्या वह्या आहेत. घराघरांतल्या मोडी कागदांच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, काय काय होतं, कोणत्या देवळातली कोणती मूर्ती कुठं हलवली, कुठल्या गावच्या वीरगळाला लोक काय नाव देतात, हे चाळीस वर्षांचं तुम्ही लिहून ठेवलंय. दिवाळीत आले तेव्हा दोन वह्यांच्या कडांना कसर लागलेली दिसली, आणि धुराने वरची पानं पिवळी पडलीत. तुम्ही म्हणालात, माझं काय जपायचं. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुमच्यापुढे बोलायची सवय नाही.

पण नोंद करायला तुम्हीच शिकवलंत. पुढच्या महिन्यात आठ दिवसांची रजा टाकली आहे. येताना ब्रश, पेन्सिली आणि कॅमेऱ्याचा स्टँड आणते. बापूंनी वह्या बांधायला मागावर साधं मांजरपाट विणून ठेवलंय, खळ निघून जावी म्हणून आईने ते दोनदा उकळून धुतलंय. तोवर एवढंच करा. वह्या फळीवरून काढून आतल्या खोलीतल्या लाकडी पेटीत ठेवा, वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात असू दे, कागदाला लागू देऊ नका. पहिल्या वहीवर क्रमांक कुठं घालायचा ते मात्र तुम्हीच दाखवा.

तुमची,
वडगावची पोरगी