लॉनची घाई: मित्रास पत्र

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घराच्या रंगापासून शेजारच्या कुत्र्यापर्यंत सगळं पानंपानं भरून लिहिलंस आणि शेवटी कोपऱ्यात एक ओळ : ‘लॉन कोणत्या महिन्यात लावू, ते लगेच कळव.’ उत्तरही एका ओळीतच हवं असणार, ओळखून आहे मी तुला. पण महिना सांगणं मला जमायचं नाही. त्या नव्या जागी तू अजून एक पूर्ण वर्षही काढलेलं नाहीस. तिथली थंडी किती उतरते, पाऊस किती दिवस झोडपतो, हे तुलाच नीट ठाऊक नाही, मग मला कुठून असणार? शिवाय उत्तर गोलार्धात सप्टेंबरला जी हवा, ती दक्षिणेत मार्चला. तेव्हा महिना राहू दे. आधी गवत कोणतं लावायचं ते ठरव, म्हणजे हंगामाचा अर्धा प्रश्न सुटला.

लॉनच्या गवतांचे ढोबळ दोन गट. उन्हाळी गटात हरळी (नर्सरीत ती बर्म्युडा म्हणून मिळते), झोयशिया, सेंट ऑगस्टीन, पास्पालम. हवा २७ ते ३५ अंश सेल्सियस असली की ही फोफावतात. जमीन १० अंशांच्या खाली गेली की वाढ थांबते, पानं तपकिरी पडतात. लोक घाबरून ती उपटून टाकतात, पण बहुतेक वेळा ती मेलेली नसतात, नुसती निजलेली असतात. दुसरा गट थंडीचा : राय, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास. यांना १६ ते २४ अंश मानवतात. ऊन तापलं की यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन धरला जाण्याचं प्रमाण वाढतं आणि तयार केलेल्या अन्नाचा बराच भाग त्यात फुकट जातो. उन्हाळी गवतं कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून घेतात, म्हणून त्यांना तो जाच नाही. एकाला जो हंगाम सुखाचा तो दुसऱ्याला त्रासाचा, तो यामुळे.

मग ठरवायचं कसं? कोवळ्या गवतावर त्याचे वाईट दिवस येण्याआधी चांगले दिवस जितके जास्त मिळतील तितकं बरं. मी दुसरं काही बघत नाही.

थंडीच्या गवताला उन्हाळा सरल्यावरचा काळ सगळ्यांत उत्तम. हवा गार झाली तरी जमीन उशिरा निवते, त्यामुळे बी उबेत रुजतं आणि कोंबाला वरून चटका बसत नाही. राय पाच ते दहा दिवसांत दिसू लागतं, ब्लूग्रास मात्र दोन ते चार आठवडे रडवतं. उन्हाळी तणांचा जोर तोवर ओसरलेला असतो. शिवाय पुढचा उन्हाळा येईपर्यंत वाढीचे दोन मोसम पदरात पडतात, एक हिवाळ्याआधीचा आणि एक नंतरचा. वसंतात पेरलं तर सगळं उलटं : जमीन अजून गार, तण जोरात, आणि मुळं जरा खोल जातात न जातात तोच ऊन डोक्यावर. तरी माणसं वसंतातच पेरायला धावतात. हिवाळाभर घरात बसून हात शिवशिवत असतात, दुसरं काय!

हरळी, झोयशिया लावायची असेल तर जमीन तापायला लागल्यावर, म्हणजे सकाळचं मातीचं तापमान १८-२० अंशांवर टिकायला लागलं की सुरुवात करावी. तिथे थंडीत दव गोठत असेल तर त्याआधी निदान ९० दिवस हाताशी ठेव. तेवढ्यात मुळ्या आणि धुमारे पसरून जम बसतो. तो बसला नाही तर पहिल्याच कडाक्यात अर्धी लागवड जाते.

आता पावसाळ्याचं. तिथे वेगळा पावसाळा असेल तर जो भेटेल तो तुला ‘पाऊस पडला की लाव’ असंच सांगेल. हा सल्ला अर्धाच खरा आहे. ढगाळ, दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं, टोचलेले ठोंब (मुळांसकट गवताचे झुबके) चटकन धरतात, पाण्याची धावपळ वाचते. पण धोधो पावसात बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथेच दाट उगवतं. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. चिखलात पाय फिरले की माती दगडासारखी बसते आणि मग वर्षभर त्या पट्ट्यात गवत खुरटतं. लव्हाळ्याचं चिवट तण तर अशा वेळी तुझ्या गवताच्या आधीच वर येतं. म्हणून मी दोनच वेळा धरतो : पहिल्या सरी पडून जमीन वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही, अशी) आली की, किंवा झड संपून उबदार दिवस अजून शिल्लक असताना. आणि पावसात बी टाकायचंच नाही, ठोंब किंवा कांड्या टोचायच्या. वाफसा ओळखणं सोपं आहे. मूठभर माती दाबून गोळा कर. बोट लावताच फुटला तर कामाला लाग, चिकट राहिला तर घरात जाऊन चहा घे.

तुझा खरा बेत मला कळलाय : तयार गवताच्या गुंडाळलेल्या पट्ट्या, म्हणजे रोल, गाडीभर आणायचे आणि एका रविवारी अंगण हिरवं करून टाकायचं. रोल केव्हाही टाकता येतात असं विकणारे सांगतात. जमीन गोठलेली नसेल आणि चिखल नसेल तर ते पुष्कळसं खरंही आहे. पण रोल म्हणजे मुळं छाटलेलं गवत. नुकत्याच दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाला आपण भर दुपारी रांगेत उभं करत नाही, तसंच हे. कडक उन्हात कडा आधी वाळतात, मग आकसतात, आणि दोन पट्ट्यांमधल्या फटींत पुन्हा गवत लावत बसावं लागतं. गुंडाळलेल्या थप्पीत आतून ऊब धरते आणि गवत पिवळं पडतं, म्हणून उन्हाळ्यात आणले त्याच दिवशी अंथरून भिजवायचे. दोन-तीन आठवड्यांनी एक कोपरा हलकेच उचलून बघ. उचलला गेला नाही तर मुळं उतरली असं समज. म्हणजे रोलसाठीही तोच हंगाम चांगला जो त्या गवताच्या वाढीचा. सवलत मिळते ती थोडी इकडेतिकडे करण्याची, एवढंच.

आणि लावण्याच्या हंगामाआधीचा हंगाम कुणी विचारतच नाही! जमीन १०-१५ सेंटिमीटर खणून ढेकळं फोडणं, कुजलेलं शेणखत मिसळणं, घरापासून दूर हलका उतार देणं, हे सगळं आधी उरकायला हवं. ऐन उन्हाळा असेल तर त्याचाही उपयोग आहे : जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ४ ते ६ आठवडे घट्ट ताणून ठेवलं की वरच्या थरातलं पुष्कळसं तणाचं बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यालाही दाद देत नाहीत, त्या खणूनच काढ. ऊन नसेल तर नुसतं पाणी देऊन तण उगवू दे, वरवर खुरपून टाक, पुन्हा उगवू दे, पुन्हा खुरप. कंटाळवाणं काम आहे खरं, पण यात घालवलेला महिना मला कधी वाया गेलेला वाटला नाही.

तुझ्या फिरतीचे आठवडेही बघून ठेव. बी रुजेपर्यंत वरचा थर दिवसातून दोन-तीनदा हलका भिजवावा लागतो. ते शेजाऱ्यावर सोपवून तू निघून जायचं, हे चालणार नाही.

आता तुझं काम. एक साधा मातीचा थर्मामीटर घे, ५ ते १० सेंटिमीटर खोल खुपस आणि रोज सकाळी आकडा लिहून ठेव. कुंपणाजवळच्या त्या झाडाची सावली दुपारी कुठवर येते ते बघ. हरळीला सावली सोसत नाही, तिथे सेंट ऑगस्टीन किंवा फेस्क्यूचा विचार करावा लागेल. झाड पानगळीचं असेल तर तेही लिही, कारण त्याच सुमारास पेरलं तर पानांच्या थराखाली कोंब गुदमरतील आणि रोज हलक्या हाताने पानं काढावी लागतील. जोराच्या पावसानंतर पाणी कुठे साचतं तेही बघ. हे सगळं कळलं की गवत आणि वेळ दोन्ही आपण मिळून ठरवू.

वहिनींना नमस्कार. त्यांना अंगण उघडं बघवत नसेल तर कुंड्या मांडून ठेवा, पण मधला भाग मोकळा हवा, अजून खणायचं आहे. आणि माझं उत्तर येईपर्यंत रोलवाल्याला आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझाच,
जुना मित्र