विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

आपले नाव कोठेही छापून आलेले आपल्याला आवडत नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही. पत्र मात्र मुद्दाम खुले ठेवतो आहे, कारण मराठी शाळेतल्या सेमी-इंग्रजीच्या वर्गाला विज्ञान किंवा गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांची मुलांच्या इंग्रजी शब्दांबाबत जी अडचण आहे, ती आपण आमच्या शाळेत हाताळून दाखवलीत. बीड जिल्ह्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत आपण निवृत्तीनंतर, एक रुपयाही मानधन न घेता, येऊ लागलात आणि इंग्रजीचा तास मागण्याऐवजी आठवीच्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलात, तेव्हा स्टाफरूममध्ये सर्वांनाच त्याचे नवल वाटले होते.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, त्यामुळे आठवीत आलेल्या मुलाला इंग्रजी अक्षर नवे नसते. तो परिच्छेद धडाधडा वाचतो आणि त्यातले काय समजले असे विचारले की मान खाली घालतो. विज्ञानातल्या लांबलचक संज्ञा जड जातात म्हणून असे होते, असेच आम्ही सारे धरून चाललो होतो. आपण मात्र कोणताही निष्कर्ष न काढता मुले नेमकी कोठे अडखळतात याच्या खुणा पाठ्यपुस्तकाच्या समासात पेन्सिलीने करत राहिलात, आणि त्या खुणा पाहिल्या तर 'फोटोसिंथेसिस'च्या शेजारी एकही नव्हती. ठळक टायपात छापलेली, खाली व्याख्या दिलेली संज्ञा मुले पाठ करून टाकतात. अडते ते 'व्हेअरअ‍ॅज', 'ड्यू टू', 'रिक्वायर', 'रिस्पेक्टिव्हली' अशा शब्दांपाशी, जे विज्ञानाचा शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकाचे काम समजून सोडून देतो आणि इंग्रजीच्या धड्यात क्वचितच भेटतात. इझाबेल बेक, मार्गारेट मॅक्केओन आणि लिंडा कुकन या अमेरिकी अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत: रोजच्या बोलण्यातले, सर्वच विषयांच्या लेखनात फिरणारे आणि एखाद्याच विषयापुरते. यांपैकी मधल्या थराला वाली नसतो, हे आपण त्या पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवून समजावून सांगितलेत. दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात येणारे 'डिस्टिंग्विश बिट्वीन' किंवा 'गिव्ह सायंटिफिक रीझन्स' हे त्याच थरातले, आणि विज्ञान चांगले येत असूनही मुलाचे गुण कित्येकदा प्रश्नातल्या त्या एका क्रियापदापायी जातात, हे तपासनीस म्हणून काम केलेल्या कोणालाही पटेल.

शब्द वाढवायचे तर आधी मुलांजवळ काय आहे ते मोजावे, हा आपला आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपण फळ्यावर शेतातल्या मोटारीचे साधे चित्र काढलेत आणि तिच्याशी संबंधित माहीत असलेले सगळे शब्द मुलांना सांगायला लावलेत. स्टार्टर, फ्यूज, थ्री फेज, लोड, व्हॉल्व्ह, सक्शन, डिलिव्हरी, प्रेशर, फिल्टर, ड्रिप असे शब्द येत गेले आणि फळा अपुरा पडला. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी जाणाऱ्या मुलाने 'लॅक्टोमीटर' आणि 'फॅट' यांची भर घातली. एरवी तासाला तोंड न उघडणारी मुलेच त्या दिवशी पुढे होती, कारण मोटार चालू करणे हे त्यांचे रोजचे काम. मग आपण त्याच यादीवर पुढचे बांधकाम केलेत: लॅक्टोमीटरमधला 'मीटर' थर्मामीटर, बॅरोमीटर आणि व्होल्टमीटरमध्ये कसा सापडतो; 'सक्शन' पाइपातून पाणी वर का चढते हे सांगताना 'प्रेशर'बरोबर 'डिफरन्स' आणि 'देअरफोर' कसे लागतात. अर्धा शब्दसंग्रह मुलांच्या खिशात आधीपासून होता. त्याची नोंद कोणी केली नव्हती इतकेच.

उष्णतेच्या धड्याचा आपला तास तर मी इतर शाळांतल्या मित्रांना पुन्हा पुन्हा सांगतो. गरम पाण्याच्या पातेल्यात स्टीलची पळी आणि लाकडी डाव ठेवून आपण मुलांना दोन्हींच्या दांड्यांना हात लावायला सांगितलेत, काय जाणवले ते मराठीत बोलू दिलेत, आणि मगच फळ्यावर 'कंडक्टर' लिहिलेत. त्या शब्दाभोवती आपण काढलेली चार चौकोनांची आकृती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तयार केली: एका चौकोनात अर्थ, दुसऱ्यात गुणधर्म, तिसऱ्यात उदाहरणे आणि चौथ्यात जी उदाहरणे ठरत नाहीत ती. चौथ्या चौकोनात लाकूड, रबर, थर्माकोल यांच्या खाली एकाने 'आमच्या एस.टी.चा कंडक्टर' असे लिहिले आणि वर्ग हसला. आपण ते खोडले नाहीत. उलट एस.टी.त त्याच्या बिल्ल्यावर मराठीत काय लिहिलेले असते असे विचारलेत. 'वाहक' हे उत्तर आल्यावर मराठी माध्यमाच्या पुस्तकातले 'सुवाहक' आणि 'दुर्वाहक' त्याच्या शेजारी मांडलेत, आणि मग 'कंडक्ट', 'कंडक्शन', 'कंडक्टिव्हिटी' हे सारे कुटुंब एका ओळीत लिहून घेतलेत. शेवटी 'मेटल्स आर गुड कंडक्टर्स ऑफ हीट, व्हेअरअ‍ॅज...' एवढेच वाक्य फळ्यावर ठेवून पुढचे प्रत्येकाला स्वतः पूर्ण करायला लावलेत. ज्या शब्दापाशी आपण पेन्सिलीची खूण केली होती तो 'व्हेअरअ‍ॅज' त्या तासाला वर्गातल्या प्रत्येक वहीत एकदा तरी वापरला गेला.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात मराठी बोलले की इंग्रजी बिघडते, अशी एक भीती पालकांत आणि काही अधिकाऱ्यांतही आहे. आपण ती कधीच मानली नाहीत. त्याच वेळी प्रत्येक वाक्याचे मराठी करून सांगण्याची आमच्याकडची सर्रास पद्धतही आपल्याला मान्य नव्हती, आणि त्यामागचे आपले कारण बिनतोड होते: 'ट्रान्स्पिरेशन' म्हणजे बाष्पोच्छ्वास असे सांगून ज्याला बाष्पोच्छ्वासही ठाऊक नाही त्याच्या पदरात काय पडते? म्हणून रोपाच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून आत जमलेले थेंब आधी दाखवावेत, त्यावर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे, आणि मग दोन्ही भाषांतले शब्द एकदमच द्यावेत, हा क्रम आपण आम्हाला लावून दिलात. एका धड्याला पाच-सहाच शब्द, पण तेच पुढच्या धड्यांत, प्रयोगाच्या नोंदीत, तोंडी प्रश्नांत पुन्हा पुन्हा यायला हवेत, हा दुसरा नियम. तो पाळणे सर्वांत कठीण जाते, कारण अभ्यासक्रम संपवण्याची घाई असली की पहिली कात्री उजळणीलाच लागते.

एका बाबतीत माझे आपल्याशी अजूनही जमलेले नाही, हे येथेच सांगतो. स्पेलिंगची चाचणी बंद करावी असे आपले मत होते. मी ती चालू ठेवली आहे, कारण बोर्डाच्या पेपरात मुलाला शेवटी लिहायचेच असते. मात्र सुटा शब्द घालण्याऐवजी आता मी पूर्ण वाक्य घालतो, एवढी आपली छाप त्यावर पडली आहे.

आमच्या वर्गातली बरीच मुले दसरा-दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परततात. मध्यंतरी झालेले सगळे धडे त्यांना नव्याने शिकवणे कोणाही शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे असते. आपण सुरू केलेल्या शब्दवहीचा खरा उपयोग तेथे झाला. प्रत्येक धड्याचे पाच-सहा शब्द, त्यांची चौकोनांची आकृती आणि अर्धवट ठेवलेली वाक्ये असे एक पान मोबाइलवर फोटो काढून फडावर पाठवता येते, आणि परतलेल्या मुलाला जोडीदाराच्या वहीतून ते धड्यापेक्षा लवकर भरून काढता येते. सगळ्यांचे सगळे भरून निघते असे नाही. पण परतलेली मुले पूर्वी शेवटच्या बाकावर जाऊन गप्प बसत, त्यांतली काही आता प्रयोगाच्या टेबलाभोवती दिसतात, आणि त्यासाठी मी आपला ऋणी आहे.

आता गणिताच्या बाईंनीही आपली पद्धत उचलली आहे. 'प्रॉडक्ट', 'मीन', 'पॉवर' असे जे शब्द बाहेर एका अर्थाने आणि गणितात दुसऱ्याच अर्थाने भेटतात, त्यांची यादी त्यांनी काढली असून ती या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. तिच्या समासात आपल्या पेन्सिलीच्या खुणा होऊन ती जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी परत मिळावी, अशी आम्हा दोघांची विनंती आहे.

आपला नम्र,
आठवीचा विज्ञान शिक्षक