टिटवी आणि तुझी टोपी

दारव्हा, ३० मे

प्रिय गजा,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालायच्या तर आत्ताच घालून घे. मी बरा आहे, आईचे गुडघे तसेच. गोठ्यामागच्या वावरात टिटवी बसलीय, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

चार अंडी. निमुळती टोकं आत, मातकट, वर काळे ठिपके. धसकटं वेचताना पाय पडता पडता राहिला. पारा ४५ वर गेला की ती हौदापाशी सांडलेल्या पाण्यात पोट भिजवते, तुरुतुरु येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. आता मी हौद मुद्दाम उतू जाऊ देतो. मागे एकदा आपण टोपीतून टिटवीची अंडी नेली, ती मी उचलली असं तू अजून म्हणतोस. लेका, टोपी कोणाची होती?

घोळ असा आहे की ती १२ मेला बसली. फुटायला २८ दिवस धर, म्हणजे ९ जून. मृग लागतो ७ ला, आणि ट्रॅक्टरवाला परवा येतो म्हणतो. अंड्यांभोवती तुराट्या रोवल्या तर दादा म्हणे, "टिटवीसाठी वावर पडीक ठेवतं का बे?" आणि लगेच, "अंडी उंचावर हायेत का खोलात?" जागा द्यायची नाही, शकुन मात्र तिचाच पाहिजे! अंडी खोलगटात आहेत, म्हणजे यंदा पाऊस कमी, असं गावभर झालं. आता जो तो पाहायला येतो. ती उठून कालवा करते आणि लोकांच्या मागोमाग कावळे येतात. फुटली की पिल्लं त्याच दिवशी पळती होतात रे, तेवढे दहा दिवस निघाले पाहिजेत. दादाला म्हटलं, तेवढा तुकडा मी नंतर वखरानं करतो. बोलला नाही.

पावशा चिंचेवर "पेरते व्हा" बोंबलतोय. त्याचं काय जातं? अंडी सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळा. तू आमच्या चुलीवर वाढलास, तसाच प्रकार. (आईला वाचून दाखवलं, ती हसली.) चातक अजून आला नाही. दिसला की मिस कॉल देईन, उचलू नको.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

रात्रीचे अकरा वाजलेत आणि ती ओरडायला लागलीय. कुत्रं असेल. बॅटरी घेऊन निघतो, बाकी मग.

तुझा,
बंडू