मी ओरडलो नव्हतो

टिळकवाडी, बेळगाव
मंगळवार, रात्री

प्रिय पिंट्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, रागावायलाच पाहिजे. आईचे गुडघे दुखतात, माझी शुगर गोळीवर आहे, बाकी सगळं बरं. आता मुद्द्याचं सांगतो.

रविवारी लेले मैदानावर आमच्या पोरांची फुटबॉलची सेमी झाली. ३-२ नं जिंकलो, पण ते सोड. पहिल्या हाफमधला दुसरा गोल डोळ्यांसमोरून हलत नाही. डावीकडून कॉर्नर आला, उंच, तरंगत, गोलच्या तोंडात पडणारा. म्हणजे कीपरचाच बॉल, "माझा" म्हणून ओरडून घ्यायचा. आमचं पोरगं लाइन सोडून दोन पावलं पुढं आलं आणि थबकलं. आमचा स्टॉपर डिफेन्समधून मागं सरकत होता. दोघं धडकले, बॉल हातातून निसटला, समोरच्यानं नुसता पाय लावला. मी तिथून दहा पावलांवर उभा होतो. पोराचं तोंड उघडलेलं मी बघितलं. आवाज आला नाही.

हाफटाइमला विचारलं, "माझा म्हणालास काय?"

"होय की सर. ओरडलो की मी."

खोटं बोलत नव्हता रे. डोळे भरले होते त्याचे. त्याच्या डोक्यात तो खरंच ओरडला होता.

पिंट्या, माझ्या पोटात गोळा आला. आपण दोघं असेच धडकलो तेव्हाचे, तुझ्या हनुवटीवरचे ते चार टाके! इतकी वर्षं मी तुला सांगत आलो की मी "माझा" म्हणून ओरडलो, तूच ऐकलं नाहीस, तुझ्या कानात मळ. तुझ्या लग्नात हळदीच्या अंगानं भांडलास माझ्याशी यावरून, वहिनी बघतच राहिल्या. मी ओरडलो नव्हतो. तुझं खरं होतं. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून कागद घेतला.

पण खरी काळजी पुढंच आहे. येत्या रविवारी फायनल, आणि गेल्या तीन मॅचमध्ये या पोरानं असेच तीन गोल खाल्लेत, तिन्ही वरच्या बॉलवर. लाइनवर त्याच्यासारखा कोण नाही. जूनमध्ये खांद्याला लागल्यापासून गर्दीत यायला भितोय. दुसरा कीपर उंचीनं कमी, पण त्याचा आवाज पार पहिल्या गेटपर्यंत जातो. नुसता कीपरांचा कोच होतो तेव्हा मी हातमोज्यांपुरता होतो. टीम दुसरं कोणतरी निवडायचं. डी लायसन्सचा कोर्स केला, कोच झालो, आणि आता कमिटीनं मॅनेजरची वहीही माझ्याच हातात दिली. फॉर्म, टेम्पो, केळी, अकरा नावं, सगळं मीच. तुला आठवतंय, मला काढलं तेव्हा कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. एक नंबरचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात बघितला तेव्हा कळलं. तू तेव्हा माझ्याबरोबर बाकावर येऊन बसलास, स्वतः अकरात असून. ते मी विसरलो नाही.

झॉफवरून आपण किती भांडलो! एकेकाळचा कीपर, तेव्हा इटलीचा कोच. २००० च्या युरोची फायनल, रात्री साडेअकराला सुरू झालेली, तुझ्या काकांच्या घरी टीव्हीचा आवाज बारीक करून बघितलेली. इटली १-० नं पुढं, इंज्युरी टाइम संपत आलेला, आणि फ्रान्सच्या विल्टॉर्डनं बरोबरी केली. मग जादा वेळेत ट्रेझेगेचा गोल्डन गोल, तिथंच मॅच संपली. मिलान क्लबचा मालक बर्लुस्कोनी म्हणाला फ्रान्सच्या झिदानवर माणूस लावायला पाहिजे होता, आणि झॉफनं राजीनामा दिला. तू म्हणालास, पळाला. मी म्हणालो, चाळिसाव्या वर्षी कॅप्टन म्हणून १९८२ चा वर्ल्डकप उचललेला माणूस पळत नसतो. अजून तेच म्हणतो. पण आता मला त्याचं वेगळंच आठवतंय. त्या युरोच्या तोंडावर त्याचा पहिला कीपर बुफॉन, त्याचा हात मोडला, म्हणून टोल्डो आला आणि सेमीला त्यानं हॉलंडच्या पेनल्टी अडवल्या. झॉफला कीपर बदलताना कुणाच्या तोंडाकडं बघून "तू नाहीस" म्हणावं लागलं नाही. मला म्हणायचं आहे, सोळा वर्षांच्या पोराला. त्याच्या उजव्या हातमोज्याचा अंगठा उसवलाय, आईनं काळ्या दोऱ्यानं शिवून दिलाय. मॅचच्या आधी तो त्या शिवणीवरून बोट फिरवतो. मी रोज बघतो.

मुलीची दहावी कशी चाललीय? मडगावचा फ्लॅट ताब्यात आला काय? वहिनींना सांग, कुंदा पाठवतो, पण तू डब्याला हात लावायचा नाहीस.

मी ठरवलंय, शुक्रवारी प्रॅक्टिसच्या आधी त्याच्या घरी अनगोळला जायचं. शर्ट वाटायच्या आधी, माझ्याच तोंडून त्याला कळू दे. आणि तुझ्या हनुवटीचं पण सांगणार आहे त्याला, आधी तेच. पुढं काय बोलायचं ते सुचत नाही. तुला सुचलं तर गुरुवारपर्यंत फोन कर, कितीही रात्र होऊ दे.

मॅच साडेचारला आहे. येणार असशील तर स्टँडवर न्यायला येतो.

तुझा,
एक नंबर