पोखऱ्याहून पत्र : फायनल बघून आले

पोखरा, 11 डिसेंबर 2019

दादा, वहिनी आणि आमची चिऊ,

परवा रात्री फोनवर माझा आवाज बसलेला ऐकून वहिनींना वाटलं थंडी बाधली. थंडी आहेच इथे, पण आवाज बसला तो ओरडून ओरडून. सोमवारी रजा टाकली आणि पोखरा रंगशाळेत, म्हणजे इथल्या स्टेडियमवर, पोरींच्या फुटबॉलची फायनल बघून आले, भारत विरुद्ध नेपाळ, साउथ एशियन गेम्सची. फोनवर धड काही सांगता आलं नाही, मध्येच रेंज जात होती, म्हणून आता बसून सगळं लिहिते. दादा, चिऊला मोठ्यानं वाचून दाखव, आणि वहिनी, तुम्ही पण ऐका, कारण शेवटचं तुमच्यासाठीच आहे.

गेम्स काठमांडूला होते, पण बऱ्याच स्पर्धा इकडे पोखऱ्यात ठेवल्या होत्या, बॅडमिंटन, ट्रायथलॉन, आणि मुलींचा फुटबॉल. दहा दिवस गावात नुसती धांदल, माझे विद्यार्थी पण अॅनाटॉमी सोडून मेडल मोजत बसलेले. फुटबॉलला चारच टीम होत्या, भारत, नेपाळ, श्रीलंका, मालदीव. आधी सगळ्या एकमेकींशी खेळल्या आणि वरच्या दोन फायनलला. आपल्या पोरींनी मालदीवला पाच मारले, श्रीलंकेला सहा, पण नेपाळशी एकच गोल झाला, 1-0. तेव्हापासून कॉलेजच्या कँटीनमध्ये सगळे मला म्हणत होते, मॅडम, फायनलला बघा.

रंगशाळेत गेले तर माझ्या आजूबाजूला बसायला जागा नाही. सगळे नेपाळचे, लाल-निळे झेंडे, तोंडं रंगवलेली, आणि दादा, त्यात बायका किती! म्हाताऱ्या, शाल गुंडाळलेल्या, मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला आपण बाबांबरोबर जायचो तेव्हा सगळ्या गॅलरीत मी आणि अजून एखादी पोरगी असायची, आठवतं का? पाटाकडील आणि दिलबहार या आपल्याकडच्या तालमींच्या टीमची मॅच असली की बाबा मला मध्ये बसवायचे आणि तू एका बाजूला, म्हणजे गर्दीत चेंगरायला नको. इथे माझ्या डाव्या हाताला शाळेचा स्वेटर घातलेली एक पोरगी होती, चिऊएवढीच, सहावीतली असेल, तिच्या मावशीबरोबर आलेली. आत्ता संत्र्यांचा सीझन आहे, सुन्तला म्हणतात इथे, आख्ख्या गॅलरीत सालींचा वास. तिच्या ओच्यात आठ-दहा संत्री, ती सोलायची आणि नजर मैदानावरून काढायची नाही, त्यामुळे साल कुठेही पडायची, माझ्या चपलेवर पण.

पहिल्या हाफमध्येच आपल्या बाला देवीनं गोल मारला. मी उठून ओरडले आणि मग लक्षात आलं की आमच्या रांगेत उभी असलेली मी एकटीच आहे. सगळे गप्प. मला कसंतरी झालं, हळूच खाली बसले. त्या पोरीनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही हं, अंदाज घेतल्यासारखं, आणि मग संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. "खानुस् न दिदी." म्हणजे खा ना ताई. मी खाल्ल्या. मला खरंच रडू आलं दादा.

मग मावशी बोलायला लागली. तिला सगळं तोंडपाठ. 2010 ला ढाक्याला या गेम्समध्ये पहिल्यांदा मुलींचा फुटबॉल आला तेव्हा फायनल भारत-नेपाळ, नेपाळ हरलं. 2016 ला शिलाँगला परत तेच, 4-0. आणि याच वर्षी मार्चमध्ये विराटनगरला सॅफची, म्हणजे दक्षिण आशियाच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, त्यांच्याच घरात, 3-1. म्हणजे बघ, प्रत्येक वेळी शेवटपर्यंत यायचं आणि समोर आपणच. मला आत्तापर्यंत आपण जिंकलो एवढंच माहीत होतं, पलीकडच्या बाजूनं ते कसं दिसतं हे त्या बाईनं दोन मिनिटांत दाखवलं. त्या पोरीची लाडकी साबित्रा भण्डारी, सगळे साम्बा म्हणतात, शेजारच्या लमजुङ जिल्ह्यातली, जंगी स्ट्रायकर. ती आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये तमिळनाडूच्या सेतू एफसीकडून खेळलीये आणि त्या टीमनं यंदा ती लीग जिंकली पण. म्हणजे आपल्याच पोरींबरोबर एका ड्रेसिंग रूममध्ये बसणारी.

दुसऱ्या हाफमध्ये बाला देवीनं अजून एक मारला, 2-0, आणि तिथेच मॅच संपली. आपलं सलग तिसरं गोल्ड, आणि आख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. या वेळी मी उठले नाही, बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाल्यावर नेपाळच्या दोन-तीन पोरी गवतावरच बसल्या, एकीनं जर्सी तोंडावर ओढून घेतली. आमच्या बाजूचे लोक उठले, मला वाटलं निघाले, पण नाही, उभे राहून "नेपाल, नेपाल" सुरू. हरलेल्या पोरींसाठी! मी पण त्यात ओरडले, आवाज गेला तो तिथे, आपल्या गोलला नाही.

चिऊ, तू विचारलंस बाला देवी कशी दिसते. बुटकी आहे गं, पण बॉल पायाशी आला की समोरचीला तिच्या अंगाला हात लावता येत नाही. मणिपूरची, बिष्णुपूर जिल्ह्यातली, मणिपूर पोलिसमध्ये नोकरीला. आणि आपल्या टीमची कोच कोण माहितीये का? मेमॉल रॉकी, आपल्या शेजारची, गोव्याची! स्वतः भारताकडून खेळलेली, आणि भारताच्या सीनियर टीमची हेड कोच झालेली पहिली बाई. टचलाइनला उभी होती, मी लांबून बघितली. खो-खोच्या भारताच्या टीममध्ये पण आपल्या महाराष्ट्राच्या पोरी होत्या, त्यांनी काठमांडूला गोल्ड घेतलं, ते मला टीव्हीवरच बघावं लागलं. काल नेपाळच्या मुलांनी भूतानला 2-1 हरवून फुटबॉलचं गोल्ड घेतलं आणि रात्रभर लेकसाइडला हॉर्न वाजत होते. नेपाळची 51 गोल्ड झाली, खूप खूश आहेत सगळे. मला मात्र सारखी ती जर्सी तोंडावर घेतलेली पोरगी दिसतेय.

वहिनी, आता तुमच्याशी. मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात की चिऊ काळवंडली, गुडघे फोडून घेते, सातवीत गेल्यावर फुटबॉल बंद करू. तुमची काळजी मला कळते. पण मी हे कधी घरात बोलले नाही ते आज सांगते. मी आठवीपर्यंत खेळायचे, दादाला माहितीये, लेफ्टला, आणि बरी खेळायचे. मग शाळेत एक दिवस सांगितलं की ग्राउंड आता मुलांना, मुलींनी लेझीम करा. मी काही बोलले नाही, घरी पण कुणी विचारलं नाही, बूट माळ्यावर गेले. लेझीम पण मन लावून केलं. पण 20 वर्षं झाली, अजून कुठे पोरं खेळताना दिसली की माझा डावा पाय आपोआप हलतो, सोमवारी पण हलत होता, त्या पोरीनं बघितलं आणि विचारलं, दिदी, तुम्ही खेळता? मला हो म्हणता आलं नाही.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको, पेठापेठांत जीव टाकतात माणसं. अनिकेत जाधव आपल्याकडचाच, 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप खेळला तेव्हा आपण पेढे वाटले ना? मग पोरीच्या गुडघ्यावरच्या खपलीचं एवढं काय. हळद लावा, दुसऱ्या दिवशी जाऊ दे. दादा, तू तिला संध्याकाळी ग्राउंडवर नेऊन आण, आणि जमेल तेव्हा तिथे थांब पण, नुसतं सोडून येऊ नकोस. बाबा थांबायचे. पुढच्या वर्षी मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप आपल्याच देशात ठरलाय, तेव्हा मी सुट्टी काढून येणार आणि तिला मॅचला नेणार, तिकिटं माझ्याकडून.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, गोरखपूरपर्यंत बसनं आणि पुढे रेल्वे. चिऊच्या पायाचं माप पाठवा, वहीच्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलनं काढा म्हणजे चुकणार नाही, दोन्ही पायांचं काढा, माझा डावा थोडा मोठा होता, तिचा पण असेल. इथे महेन्द्रपुलच्या बाजारात फुटबॉलचे चांगले स्टडवाले बूट मिळतात.

आईच्या गोळ्या वेळेवर देताय ना? तिला म्हणावं संत्री आणते.

तुमची,
ताई / आत्या