सव्वीस संत्री: एका मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,

सा. न.

तुम्ही पुण्याला मुलीकडे राहायला निघालात त्या दिवशी मी स्टेशनवर आलो होतो. पण गाडी सुटेपर्यंत तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा गराडा हलला नाही आणि मी मागे संत्र्यांची पिशवी धरून उभा. आभाराचं एक वाक्य पाठ करून आलो होतो, ते तसंच घरी परत नेलं. पिशवी कुणाच्या तरी हाती डब्यात पोचली एवढंच समाधान. त्यानंतर नागपूरच्या कळमना बाजारात तिघा-चौघांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या शेडात तो रेघांचा बोर्ड हाय म्हणे, कुठून आणला?" दर वेळी वेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर लिहावं. तुम्हाला असलं काही आवडत नाही, माहीत आहे. या वेळी चालवून घ्या.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅडम कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, धरमपेठेत राहायच्या आणि दर हंगामात माझ्याकडून दोन कॅरेट संत्री घ्यायच्या. मी त्यांचा विद्यार्थी नाही. बारावीला गणितात काठावर सुटलो, आणि पुढे काटोलकडची घरची बाग नि इथलं पॅकिंगचं शेड सांभाळताना आकडा पाहिला तो वजनकाट्यावरचाच.

त्या वर्षीचा अंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं हिवाळ्यात निघणारं पीक, मला चांगलाच आठवतो. दक्षिणेतल्या एका मोठ्या खरेदीदाराने माझ्या लागोपाठ तीन गाड्या नाकारल्या होत्या. वरची दोन कॅरेट उघडायची, चार फळं दाबून बघायची आणि फोन करायचा, "माल खराब है." तिथवर गेलेलं फळ परत आणून करणार काय? म्हणतील त्या भावात सोडलं. मग मी चिडून ठरवलं की शेडातून निघणारं एकेक फळ तपासायचं. दोन माणसं दिवसभर त्याच कामाला. आणि आपल्या संत्र्याची साल सैल. जितके हात लागतील तितकं ते बिघडतं. तपासून तपासूनच मी माल नासवत होतो.

हे रडगाणं मी तुमच्या दारात कॅरेट उतरवताना गायलं. तुम्ही विचारलं, "किती फळं बघतोस?"

"सगळी."

"आणि थांबतोस कधी?"

"संपली की."

"अरे, मग त्याला तपासणी नाही, मोजदाद म्हणतात. बस इथे." आणि चहाचं आधण ठेवता ठेवता तुम्ही पहिल्यांदा अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाचं नाव घेतलं.

१९४३ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युद्धाच्या कामासाठी संख्याशास्त्रज्ञांचा एक गट बसवलेला. नौदलाच्या एका अधिकाऱ्याची कुरकुर त्यांच्यापर्यंत आली होती: दारूगोळ्याची चाचणी म्हणजे आधी ठरवलेले सगळे गोळे उडवल्याशिवाय निकाल नाही, पण मुरलेल्या माणसाला तर सुरुवातीलाच कळतं की हा माल कामाचा आहे की नाही. उरलेले गोळे काऊन जाळायचे? गटातल्या ॲलन वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन यांनी हा प्रश्न वाल्डकडे नेला. हे तेच फ्रीडमन ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वाल्डना आधी त्यात फारसं काही दिसलं नाही. पण दोन-तीन दिवसांत त्यांनी स्वतःच कळवलं, अशी चाचणी असू शकते, आणि ती नेहमीच्या चाचणीपेक्षा सरस निघते. एकेक फळ बघत जायचं, दर फळानंतर तीन प्रश्न: पुरे, माल चांगला? पुरे, माल वाईट? की अजून एक बघू? सरासरीने निम्म्या नमुन्यात काम होतं. युद्ध संपत येईपर्यंत हे गुपित राहिलं. १९४७ मध्ये वाल्डनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात आपले भारतीय संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बंगालातल्या तागाच्या पाहणीला या कल्पनेची पूर्वसूरी म्हणून मान दिला, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता.

मग तुम्ही माझंच बिलबुक उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला घेतल्या. मला वाटलं, झालं, आता आपली बारावी परत सुरू. पण तुम्ही सूत्र सांगितलंच नाही, उलट मलाच विचारत बसलात. कुठला माल तू छाती ठोकून चांगला म्हणशील? म्हटलं, शंभरात चार खराब असतील तो. आणि कुठला पाठवायची लाज वाटेल? शंभरात बारा. ठीक. आता चांगला माल चुकून अडला, असं किती वेळा चालेल? आणि वाईट माल चुकून गेला, असं किती वेळा?

मी म्हणालो, एकदाही चालणार नाही.

"मग सगळी संत्री सोलून बघ आणि साली विक."

शेवटी सौदा ठरला: चांगला माल विसात एकदा अडला तरी चालेल, वाईट माल दहात एकदा निसटला तरी चालेल. हे चार आकडे घेऊन तुम्ही कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलंत आणि दोन तिरप्या, समांतर रेघा काढल्या. आडवं बघितलेली फळं, उभं खराब निघालेली. ठिपका खालच्या रेघेखाली उतरला की गाडी भरा. वरच्या रेघेच्या वर गेला की पसारा परत निवडायला घ्या. मधल्या पट्ट्यात आहे तोवर पुढचं फळ उचला.

ज्यांनी बोर्डाबद्दल विचारलं त्यांच्यासाठी हिशोब इथेच देतो. सलग २६ फळं बघितली आणि एकही खराब नाही: माल पास. एक खराब निघालं तर ४० पर्यंत जावं लागतं, दोन निघाली तर ५४. उलट बाजूने, पहिल्या ७ मध्येच ३ खराब निघाली की तिथेच थांबा. २१ च्या आत ४, किंवा ३४ च्या आत ५, तरी तेच. आधी नमुना ठरवून तेवढीच हमी हवी असती तर नव्वदच्या आसपास फळं दर वेळी बघावी लागली असती. आम्ही आता साधारण पन्नासात मोकळे होतो, आणि माल फारच चांगला किंवा फारच वाईट असेल तर त्याच्याही आधी. पण तुमचे चार आकडे वेगळे असतील तर रेघाही वेगळ्या येतील, माझ्या उतरवून नेऊ नका.

आणि फळ कुठलं उचलायचं? यावरून तुम्ही मला जेवढं झापलं तेवढं कुणी झापलं नाही. मी हाताशी येतील ती उचलत होतो, म्हणजे वरच्या थरातली. "वरचीच घेणार असशील तर तुझ्यात आणि त्या खरेदीदारात फरक काय?" मग कॅरेटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात आल्या. शेडातला पोरगा चिठ्ठी काढतो, ते कॅरेट तळापर्यंत रिकामं करतो, त्याच्या मधून एक फळ घेतो, दाबतो, देठ बघतो, बोर्डावर खडूने ठिपका देतो. सुरुवातीला त्याला हा खेळ वाटायचा. आता ठिपका मधल्या पट्ट्यात कधी या, कधी त्या रेघेजवळ सरकायला लागला की हमालही काम सोडून बघत उभे राहतात, क्रिकेटची शेवटची ओव्हर असावी तसे.

एकदा बोर्ड फसलाही. पास झालेली गाडी पोचली आणि माल खरंच वाईट निघाला. मी तावातावाने तुमच्याकडे आलो. तुम्ही भाजी निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, "दहात एक म्हणाला होतास ना? हे ते एक."

वाल्डचं बाकीचं आयुष्य मला तुमच्याकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं, दर खेपेला एक कॅरेट आणि एक तुकडा. जन्म ३१ ऑक्टोबर १९०२, कोलोझ्वारचा. तेव्हा ते हंगेरीत, आज रोमानियातलं क्लुज. घर कर्मठ ज्यू, शाळा शनिवारी भरायची आणि शनिवारी तर त्यांना काहीच करायचं नाही. म्हणून पोरगं घरीच शिकलं. पुढे व्हिएन्नात गणितज्ञ कार्ल मेंगर यांच्याकडे १९३१ मध्ये भूमितीतली डॉक्टरेट. माणूस एवढा हुशार, पण ज्यू, म्हणून विद्यापीठात नोकरी नाही. मेंगरनी एका बँकरकडे गणिताची शिकवणी लावून दिली, त्यावर पोट. संख्याशास्त्राकडे ते पोटापाण्याच्या वाटेने वळले हे ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि वाल्ड अमेरिकेला पोचले. मागे राहिलेलं घर जवळजवळ सगळं नाझींनी संपवलं, एक भाऊ वाचला. हे तुम्ही एका दमात सांगितलंत आणि लगेच "यंदा आकार बारीक का रे?" असं विचारलंत. मीही आकाराबद्दलच बोललो.

विमानांची गोष्ट मात्र तुम्ही राखून ठेवली होती. मी एक दिवस फुशारकी मारत आलो की आता तक्रारी जवळपास बंद झाल्या. तेव्हा तुम्ही विचारलं, तक्रार कोण करतं? जो अजून माल घेतो तो. आणि जो घ्यायचा बंद झाला तो?

मग वाल्ड. युद्धातून परत आलेल्या बॉम्बफेकी विमानांवर गोळ्यांची भोकं मोजली जात. साधा माणूस म्हणेल, जिथे भोकं जास्त तिथे पत्रा जाड करा. वाल्डचं म्हणणं, ही भोकं घेऊनही विमान परत आलं की! जिथे भोकं दिसत नाहीत, तिथे लागलेली विमानं आपल्याला दिसायला आलीच नाहीत. ही भोकं दाखवणारं लाल ठिपक्यांच्या विमानाचं जे चित्र इंटरनेटवर सगळीकडे फिरतं ते वाल्डचं नव्हे, फार नंतर कुणीतरी काढलेलं, यावर तुमचा विशेष राग. त्यांनी केलं ते गणित होतं. त्यांचं उदाहरण तुम्ही मला कागदावर करून दाखवलं: ४०० विमानं गेली, ३८० परत आली. त्यातल्या ३२० वर एकही गोळी नाही, ३२ वर एक, २० वर दोन, ४ वर तीन, दोघांवर चार, दोघांवर पाच. फक्त परत आलेल्यांच्या या नोंदींवरून, आणि एकही गोळी न लागता कुठलं विमान पडत नाही नि प्रत्येक गोळीचा धोका सारखाच, एवढं धरून, त्यांनी काढलं की दर गोळीमागे विमान पडण्याची शक्यता साधारण १५ टक्के. न आलेल्या वीस विमानांचं एकही भोक न बघता! मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला, अजून आहे.

त्या रात्री जुनी बिलबुकं काढली. माल घ्यायचे बंद झालेले चौदा व्यापारी निघाले. फोन करायला लाज वाटत होती, तरी केले. नऊ जण बोलले. रायपूर-जबलपूरवाले, ज्यांना माल रातोरात पोचतो, ते तर अजून माझ्याकडेच होते आणि त्यांच्या तक्रारी रंगाच्या, आकाराच्या. दूरचे मात्र मुकाट्याने सुटले होते. त्यातला एक म्हणाला, "भाईसाब, आपके डंठल." लांब देठ! तोडताना ठेवलेला देठ शेजारच्या फळात रुतायचा, निघताना काही दिसायचं नाही, दोन-तीन दिवसांत खालचा थर सडायचा. बोर्ड ते पकडणार कसं? तो तर इथे, शेडात टांगलेला. तोडणीला कात्र्या आणल्या, देठ फळालगत कापायला लावला, कॅरेटमध्ये एक थर कमी केला. नऊपैकी सहा परत आले. ज्याने तीन गाड्या नाकारल्या त्यालाही फोन केला होता, त्याने उचलला नाही. पण मॅडम, खालचा थर आठवला की वाटतं, तो अगदीच खोटं बोलत नसावा.

शेवटचा तुकडा तुम्ही डिसेंबरात सांगितला. १९५० मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून वाल्ड व्याख्यानांसाठी इथे आले, बरोबर पत्नी ल्युसिल. १३ डिसेंबरला त्यांचं विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळलं, दोघंही गेले. वाल्ड अठ्ठेचाळीस वर्षांचे. दोन मुलं अमेरिकेत; त्यातला रॉबर्ट तेव्हा तीन वर्षांचा, पुढे गुरुत्वाकर्षणाचा मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला. परत न आलेल्या विमानांचा हिशोब मांडणारा माणूस असा जावा, यावर मी काहीतरी बोलायला गेलो, तर तुम्ही हाताने थांबवलं. "त्यात काही अर्थ शोधू नको." आणि मग, जरा वेळाने, तुम्ही रात्रीच्या टपालविमानांचं सांगितलं. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतायची. वाल्डनी मुलांना इथून एखादं पत्र टाकलंच असेल तर ते सोनेगावच्या धावपट्टीवर एका थैलीतून दुसऱ्या थैलीत गेलं असेल, असं तुमच्या वडिलांना वाटायचं. पुरावा काही नाही, हेही तुम्हीच लगेच सांगितलंत.

बोर्डाच्या रेघा आता फिक्या पडल्या आहेत. पोराने त्यावर परत गिरवताना वरची रेघ थोडी वाकडी काढली, ती पुसून फूटपट्टीने नीट करून घेतली. तुमचं बिलबुकावरचं मूळ पान मी प्लास्टिकमध्ये घालून शेडातल्या गणपतीच्या फोटोमागे ठेवलं आहे.

अंबिया सुरू झाला आहे. पुण्याच्या पत्त्यावर दोन कॅरेट परवा निघतील. देठ बारीक कापले आहेत, चिठ्ठी काढून २६ बघितली आहेत. तरी तुम्ही तुमची मोजाच. पहिल्या सातांत तीन खराब निघाली तर गाडी परत पाठवा.

तुमचा,
काटोल रोडवरचा संत्रेवाला