बामियानच्या हजारांचा उल्लेख हवा

संपादक महोदय,

बुद्धपौर्णिमेच्या पुरवणीतील अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्तींवरचा लेख वाचला. मूर्तींची ५५ व ३८ मीटर उंची, मार्च २००१ मध्ये तालिबानने केलेला विध्वंस, २००३ साली युनेस्कोने त्या खोऱ्याला दिलेला जागतिक वारशाचा दर्जा, हे सारे त्यात नीट आले आहे. मात्र त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हजारा लोकांविषयी एक ओळही नाही.

ही तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. २००१ च्या मार्चमध्ये आमच्या गावच्या विहारातून तहसील कचेरीवर निषेधाचा मोर्चा निघाला, तेव्हा निवेदनाचा मजकूर मीच लिहून दिला होता. दीड पानाच्या त्या निवेदनात हजारा हा शब्द नव्हता, कारण तो मला ठाऊकच नव्हता. त्याच बामियान प्रांतातील याकाओलांग येथे ८ जानेवारी २००१ पासून चार दिवसांत तालिबानने सुमारे १७० पुरुषांना घराघरांतून गोळा करून लोकांदेखत गोळ्या घातल्या होत्या, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. मूर्तींत स्फोटके भरण्यासाठी कैदेतल्या हजारांनाच दोराने बांधून कड्यावरून खाली सोडले होते, असे त्या कैद्यांपैकी एकाने पुढे सांगितले. वास्तविक मुसलमान असूनही हे लोक मोठ्या मूर्तीला सलसाल आणि धाकट्या मूर्तीला शाहमामा म्हणत व त्यांची प्रेमकथा मुलांना सांगत आले आहेत.

तालिबान सुन्नी, तर हजारा बहुसंख्येने शिया आहेत, फारसीची हजारगी बोली बोलतात आणि त्यांची चेहरेपट्टी मंगोल वळणाची आहे. (आपण रोज मोजतो तो ‘हजार’ आणि त्यांच्या नावातला ‘हजार’ हा एकच फारसी शब्द.) पंथ एक वेळ लपवता येतो, चेहरा लपत नाही; ऑगस्ट १९९८ मध्ये मजार-ए-शरीफ शहर घेतल्यावर तालिबानने घरोघर झडती घेऊन किमान दोन हजार माणसे मारली, त्यांत मुख्यतः हजारा होते.

पण या छळाचा आरंभ तालिबानपासून धरणे चुकीचे ठरेल. अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान खान (कारकीर्द १८८० ते १९०१) याने हजाराजात, म्हणजे हजारांचा मुलूख, आपल्या अमलाखाली आणताना कर लादले, शस्त्रे काढून घेतली आणि १८९२ मध्ये उठाव झाला, तेव्हा धर्मगुरूंकडून हजारांना काफिर ठरवून त्यांच्याविरुद्ध जिहाद पुकारला. १८९३ पर्यंत उठाव चिरडला गेला. उरुझगानमधली त्यांची शेतजमीन पश्तून टोळ्यांना आणि उन्हाळी कुरणे भटक्या पशुपालकांना देण्यात आली. सातबाऱ्यावरचे नाव पुसले म्हणजे घराचे काय होते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. इथे तर नावाबरोबर माणसेही विकली गेली. काबूल व कंदाहारच्या बाजारांत हजारा बायकामुलांची विक्री होई आणि त्या विक्रीवर सरकार करही घेई. गुलामी कायद्याने बंद झाली ती अब्दुर रहमानचा नातू अमानुल्ला याच्या कारकिर्दीत. जे निसटले ते इराणातील मशहद आणि तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील (आज पाकिस्तानातील) क्वेट्टा येथे गेले, आणि १९०४ मध्ये ब्रिटिशांनी क्वेट्ट्यात ‘१०६ वी हजारा पायोनियर्स’ ही पलटण उभी केली, म्हणजे ही माणसे १९३३ पर्यंत आपल्याच हिंदी सैन्यात होती. मागे राहिलेल्यांच्या जनावरांवर पुढे तुपाच्या रूपाने कर बसला, आणि तो १९४५-४६ च्या सुमारास दुसरा उठाव झाल्यावरच उठला.

क्वेट्ट्यातही त्यांना सुरक्षितता लाभली नाही. २०१३ च्या जानेवारी व फेब्रुवारीत तिथल्या हजारा वस्त्यांत मोठे स्फोट झाले आणि नातेवाईक कडाक्याच्या थंडीत शवपेट्या रस्त्यावर ठेवून, दफनाला नकार देऊन बसले. जानेवारी २०२१ मध्ये बलुचिस्तानातील मछ येथे कोळसा खाणीतील हजारा मजुरांना वेगळे काढून ठार करण्यात आले. आमच्याकडे घरटी एखादा मुलगा वणीच्या खाणीत कामाला असतो. तरी ती बातमी इथे कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या दश्त-ए-बारची भागात प्रवेश परीक्षेच्या सरावाला बसलेल्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांचा, बहुतांश मुलींचा, बळी गेला. ती बातमी मराठीत मी वाचली ती ‘काबूलमध्ये स्फोट’ अशी. ती वस्ती हजारांची होती आणि म्हणूनच तिथे हल्ला झाला, हे त्या चार ओळींत आले असते तर फार जागा लागली नसती.

आषाढी पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचे वाचन सुरू होते. आपला लेख तिथे वाचायचा आहे. याकाओलांगविषयीचा एक परिच्छेद तोवर आपण छापलात तर उत्तम, नाहीतर या वेळीही मजकूर मीच लिहीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ